हात न लावता धरलेलं

मी सापळा बोलतोय. उंदराचा नव्हे. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची कडी, चुंबकाच्या पोटात बसवलेली आणि भयंकर थंडीत ठेवलेली, एवढाच माझा देह. आता थकलोय, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही.

जिनिव्हाजवळच्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म गेला. काम एकच, प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचे उलट्या भाराचे जुळे, धरून ठेवायचे आणि त्यांना शिवायचं मात्र नाही. आपल्या साध्या द्रव्याला ते टेकले की दोघंही खलास. म्हणून विजेच्या आणि चुंबकाच्या जोरावर त्यांना मधोमध अधांतरी ठेवायचं. डोळ्याला डोळा नाही.

माझी मालकीण मिर्याम एबिशर. काही अणुकेंद्रांच्या अंगावर नुसत्या न्यूट्रॉनची साय असते का, एवढाच तिला ध्यास. ती केंद्रं बघता बघता विरतात, माझ्यापर्यंत येत नाहीत. म्हणून मलाच ट्रकवर घालून त्यांच्या दारात नेत. तिथे प्रतिप्रोटॉन केंद्राभोवती फिरू लागतो आणि शेवटी कडेच्या कणाला भिडून त्याच्यासकट संपतो. उडालेल्या तुकड्यांवरून कडेला कोण होतं ते कळतं.

त्या दिवशीची खेप शेवटची होती. पुढे यंत्रं दीर्घकाळ बंद, आणि मिर्यामची नोकरीही तेवढीच. केंद्रं जिथून येतात त्या नळीला मला जोडलं आणि आतले प्रतिप्रोटॉन घटू लागले.

"नळीत काहीतरी आहे," मिर्याम म्हणाली.

तिचा ज्येष्ठ सहकारी गास्पार आपल्या बोटाकडे पाहू लागला. "माझं बोट लागलंय. स्क्रू हाताला लागेना, म्हणून हातमोजा काढला. पुसलं होतं गं."

"पुसून जातं का ते? जन्मभर आमच्यावर ओरडलात, हातमोजे घाला, हातमोजे घाला."

"शिव्या नंतर दे. आता काय करायचं?"

बोटाच्या तेलकट ठशातून एवढीशी वाफ सुटत होती, आणि मी सांभाळलेले जीव एकेक करून विझत होते. मला फार वाईट वाटलं. मी काही करू शकत नव्हतो.

"केंद्रांचा झोत अजून नीट जुळला नाही," गास्पार म्हणाला.

"जुळेपर्यंत माझ्याकडे काही उरणार नाही. सोडा झोत."

"असाच?"

"सोडा म्हणते ना."

बहुतेक केंद्रं हुकली. थोडी सापडली, आणि त्यांच्या कडेला बहुतेक न्यूट्रॉनच निघाले.

"साय आहे," ती म्हणाली. "किती जाड, ते मात्र आता मला कळणार नाही."

मग दोघं ट्रकच्या पायरीवर बसून पाव आणि चीज खात राहिली. ती धुमसत होती, तरी अर्धा पाव तिनं त्याला दिला.

आता मी प्रयोगशाळेच्या दारात मांडलेला आहे. मिर्याम दुसऱ्या गावी गेली. माझ्यासमोर पाटी आहे, हात लावू नये. आत कुणी नाही, विझायचं काही राहिलेलं नाही.

काल गास्पार आला. इकडेतिकडे पाहून त्यानं तेच बोट माझ्या कड्यावर टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. ऊबदार होतं. तेवढी ती पाटी काढा बुवा.