बिनमहत्त्वाचा दिवा

देवबागेत घराच्या पुढे समुद्र आणि पाठीमागे खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड राहतात, माणसं राहतात आणि हल्ली पर्यटकही राहतात. उन्हं कलली की या पट्टीवरचं सगळं जरा विरघळल्यासारखं होतं. रापणीचं लांबलचक जाळं ओढणाऱ्यांच्या हाका जवळून येतात की लांबून, ते कळत नाही. पडवीत बसलेल्या माणसाला आपण जागे आहोत की डुलकी लागली, याची खात्री देता येत नाही. संचिता कणकवलीची, हायवेवरच्या गाड्यांच्या आवाजात वाढलेली. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला वाटलं, ह्या गावाला कोणी जागं करत नाही की काय! पुढे तीही त्यातलीच झाली.

घरात ती आणि सासू सावित्रीबाई. चार खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, आणि संचिताचा नवरा, सावित्रीबाईंचा झील सर्वेश, जहाजावर, इंजिनखात्यात. मागच्या सुट्टीत त्याने घरातली सगळी बटणं बदलून नवी बसवली होती. पंखे, दिवे, पंप, सगळं फोनवरून चालायचं. "बायको दिसना नाय, निदान बायकोचो पंखो चालू आसा काय तां तरी कळात," असं तो म्हणायचा. संचिताचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, त्यामुळे बटणांच्या वायरी तिनेच जोडल्या आणि नवऱ्याने वर उभं राहून फक्त सूचना दिल्या. जहाजावरच्या माणसांना हुकूम ऐकायची सवय असते म्हणतात. सर्वेशला ते सोडायची सवय जास्त होती.

जाताना त्याने पडवीत एक दिवा टांगला. कुठल्याशा बंदरात घेतलेला, निळ्या काचेचा, उजेड पाडण्यापेक्षा सावल्या पाडणारा. पडवीला ट्यूबलाइट होतीच, त्यामुळे त्या दिव्याचं घराला तसं काहीच काम नव्हतं. काम होतं ते या दोघांना.

जहाजावर नेट मिळायचं ते चिमूटभर. बोलणं धड होत नसे, शब्द अर्धे पाण्यात पडत. पण एवढ्याशा नेटवर दिवा लावता यायचा. देवबागेत तिन्हीसांजा व्हायला आल्या की तो निळा दिवा आपोआप लागे. म्हणजे कुठेतरी, कुठल्यातरी पाण्यावर, इंजिनाच्या तेलाचे हात पुसून सर्वेशने फोन हातात घेतला आहे. तो दिवा मालवायचा तिने, आणि कधी मालवला ते त्याला फोनवर दिसायचं. त्याने लावायचा, तिने मालवायचा, असंच ठरून गेलं होतं. लगेच मालवला, तर ती रागावली आहे. हातातलं काम उरकून मालवला, तर सगळं ठीक. पाहुण्यांची पानं उठेपर्यंत तसाच राहिला, तर आठवण येते आहे. या गोष्टी त्यांनी कधी बोलून ठरवल्या नव्हत्या. बोलून ठरवतात ती कामं, आणि हे काम नव्हतं.

सावित्रीबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. कोणी हात लावला नाही, तरी दिवा लागतो, म्हणजे हा जागेचा राखणदार, असा त्यांचा सरळ हिशेब. प्रत्येक जागेला राखणदार असतोच. तो रात्री काठी आपटत फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, आणि त्याचा मान ठेवला नाही तर रुसतो. त्यांनी दिव्याखाली कठड्यावर पानाचा विडा ठेवायला सुरुवात केली. संचिताला हसू येई आणि लाजही. नवऱ्याशी आपले असले चाळे चालतात, हे सासूला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने राखणदाराला ते श्रेय घेऊ दिलं.

दिवाळीनंतर एकदा सर्वेशचा फोन लागला, आणि नीट ऐकूही आला. "कंपनी म्हणता, अजून एक कंत्राट कर. काय करू? सही करू काय घराक येऊ?"

"ये" म्हणायला तिला एक श्वास पुरला असता. पण मागच्या खेपेला ती तेच म्हणाली होती आणि तो आला नव्हता. ती म्हणाली, "तुका काय करूचा आसा तां कर."

"बरा. आठ-धा दिसांनी जहाज बंदराक लागला की माका सांगूक होया त्यांका," तो म्हणाला, आणि नेट गेलं. त्या संध्याकाळी निळा दिवा लागला, तो तिने लागताक्षणी मालवला. दुसऱ्या दिवशी तिला त्याचं वाईट वाटलं, आणि पुढच्या संध्याकाळी ती तो जरा जास्त वेळ ठेवणार होती. तेवढ्यात धनेश आला.

धनेश कुडाळचा, सोलरची कामं करणारा. छपरावरची पॅनेलं आणि बॅटरी त्यानेच बसवली होती. पण पाहुणे एसी लावून दारं सताड उघडी टाकत, बॅटरी संध्याकाळीच मान टाकी, आणि लाइट गेली की पंप चालेना. आता त्याने विजेचा कारभार बघणारं एक सॉफ्टवेअर आणलं होतं. ऊन किती आलं, बॅटरीत किती उरलं, कोण किती खातं, हे ते जाणे; आणि घरातली बटणं सर्वेशच्या ॲपच्या हातात. एका घरात दोन जावा, एक कोठी सांभाळणारी आणि एक चूल, आणि दोघींत अबोला, असं आजवर चाललं होतं. आता दोघींना बोलतं करायचं होतं.

संचिताला या कामात मजा आली. दोघं पडवीत लॅपटॉप मांडून बसली आणि दुपार कशी गेली ते कळलं नाही. सॉफ्टवेअरला एकेक वस्तू ओळखायला शिकवायची, मग सांगायचं की ही महत्त्वाची, ही बिनमहत्त्वाची. संध्याकाळी ऊन संपतं आणि एसी सुरू होतात, त्या वेळी बिनमहत्त्वाचं काही चालू द्यायचं नाही. लागलंच, तर तिथल्या तिथे बंद. फ्रीज महत्त्वाचा. पंप महत्त्वाचा. देवघराचा दिवा सावित्रीबाईंनी स्वतः येऊन महत्त्वाचा करून घेतला आणि त्या तिथेच सुपारी कातरत बसल्या.

"वयनी, ह्यो निळो दिवो? ह्यो खंय घालू?"

संचिताने सासूकडे पाहिलं. सासू सुपारीकडे पाहत होती, पण कान मोकळेच होते.

"घाल खंयय," ती म्हणाली. "शोचो दिवो तो."

धनेशने तो बिनमहत्त्वाच्यांत टाकला. संचिताला आत काहीतरी खुपलं, पण पाहुण्यांच्या चहाची वेळ झाली होती.

सॉफ्टवेअर झकास चाललं. संध्याकाळी बॅटरी ताठ, पंप गुमान, रिकाम्या खोलीतले एसी आपोआप गप्प. फक्त निळा दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संचिता संध्याकाळची स्वयंपाकघरात असे. एक डोळा तव्यावरच्या बांगड्यावर आणि एक दारातून दिसणाऱ्या पडवीच्या तुकड्यावर. तो तुकडा करडा होई, मग काळा. सर्वेश रुसला. रुसूदे! तिने मनात म्हटलं, आणि बांगडा करपवला. पुढे तिला राग येईना, भीती वाटू लागली. तिला दिवसा जागेपणी पाणी दिसे, नुसतं पाणी, आणि त्यावर कुठेच जहाज नाही.

सावित्रीबाईंनी वेगळं निदान काढलं. "राखणदार गेलो. त्येका न इचारता घरात यंत्रा बसवल्यात. त्येच्या जाग्यात तुमी कोण रे महत्त्वाचा न् बिनमहत्त्वाचा ठरवणारे?"

मग व्हायचं तेच झालं. सकाळी लवूकाका आले. गावात कुणाचं काही अडलं की देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. पाहुण्यांतलं एक जोडपंही कौतुकाने येऊन उभं राहिलं. धनेशला सावित्रीबाईंनी कुडाळहून बोलावून घेतलं होतं आणि गुन्हेगाराच्या जागी उभं केलं होतं. लवूकाकांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाज लावला; जमलेल्यांनी दरवेळी 'होय म्हाराजा' म्हणायचं.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या लेकरांनी तुज्या जाग्यात सूर्याचा यंत्र हाडल्यानी, त्येका कारभार दिल्यानी, आणि तुका इचारूचा ऱ्हवान गेला. काय चुकला माकला आसात तां पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो दिवो तू लावी होतंस, तो परत लाव. ह्या घरातला जां कोण पाण्यार आसा, त्येका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" संचिताचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठा निघाला. पाहुणी बाई वळून बघू लागली. संचिताने पदराने डोळे पुसले आणि नारळाच्या शेंडीचं काहीतरी डोळ्यात गेल्याचं सोंग केलं.

त्या दिवशी दुपार लांबली. समुद्र इतका संथ होता की होड्या पाण्यात आहेत की हवेत, ते सांगता येऊ नये. उन्हं उतरताना संचिता पडवीत वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायला बसली. डोळे जड झाले होते. अर्धवट झोपेत तिला निळं काहीतरी दिसलं आणि गेलं. तिला वाटलं, स्वप्न. मग परत दिसलं. तिने मान वर केली. दिवा लागला आणि विझला. थोडं थांबून पुन्हा लागला, पुन्हा विझला. पापणी लवावी एवढा वेळ, बस.

चादर तिच्या हातातून गळली. राखणदार गेला नव्हता, सर्वेश रुसला नव्हता. तो रोज लावत होता. रोज लावत होता आणि हे शहाणं घर त्याच्या हातावर चापट मारत होतं. आणि तिकडे त्याला काय दिसत होतं? बायको दिवा लागताक्षणी मालवते आहे. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, रोज. इतका राग! ये म्हणायचं तर राहोच, उजेडसुद्धा नको. एवढं कळल्यावर माणूस सही करून मोकळा होईल, नाही तर काय करील? आणि जहाज आज-उद्यात बंदराला लागणार होतं.

ती लॅपटॉपकडे धावली. सॉफ्टवेअर तिच्याकडे पासवर्ड मागू लागलं आणि तो होता धनेशकडे. तिने फोन लावला.

"अरे धनेश, निळो दिवो सोडव आधी. तुज्या सॉफ्टवेअराच्या हातातसून सोडव."

"वयनी, तो शोचो दिवो, बॅटरी..."

"बॅटरी मरांदे! तो माज्या घोवाचो दिवो आसा!"

पलीकडे धनेश हळूच म्हणाला, "आधी सांगूचा नाय?" आणि पासवर्ड दिला. तिने दिवा बिनमहत्त्वाच्यांतून काढला. महत्त्वाच्यांतही घातला नाही. सॉफ्टवेअरच्या राज्यातूनच त्याला बाहेर काढलं. आता त्याला दोनच हात लागणार होते, तिचा आणि सर्वेशचा.

मग ती दिव्याखाली उभी राहिली. दिवा लागेना. ज्याने इतक्या चापट्या खाल्ल्या, तो आणखी किती वेळ हात पुढे करणार? तिने फोनवर लिहिलं, "दिवो मी मालवूक नाय. ह्या नव्या सॉफ्टवेअरान मालवलो. तू सही करू नको. ये." पाठवलं. एकच बारीक खूण उमटली. निरोप तिच्या हातून निघाला होता, त्याच्या हाती पडला नव्हता. नेट गेलं असणार. तिला रडू आलं आणि या वेळी तिने कसलंही सोंग केलं नाही.

आजवर तो लावी आणि ती मालवी. तिने फोनवर बोट ठेवलं आणि दिवा स्वतः लावला. फोन आत फडताळात ठेवून दिला, कारण हातात राहिला असता तर त्या एका खुणेकडे बघून ती वेडी झाली असती. बाहेर येऊन ती खालच्या पायरीवर बसली. भात शिजायचा होता, तो शिजत राहिला. समुद्रात सूर्य बुडाला आणि सगळं निळं झालं, वाळू, माडांचे बुंधे, तिचे स्वतःचे हात. पाहुणे किनाऱ्यावरून परतले. त्यांच्या खोल्यांत दिवे लागले, एसी घुमू लागले. देवघरात दिवा होता, ट्यूबलाइट होती, लाइट गेलेली नव्हती. सॉफ्टवेअर कुठल्याशा रिकाम्या न्हाणीतला गिझर बंद करून आपली हुशारी दाखवत होतं.

सावित्रीबाई तुळशीपुढे हात जोडून पडवीत आल्या आणि निळा दिवा बघून त्यांचा चेहरा उजळला. "इलो गो! लवूचा गाऱ्हाणा लागला. विडो हाडतंय थांब!"

त्या विडा घेऊन आल्या, कठड्यावर ठेवला, हात जोडले. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दिवा विझला.

घरातलं बाकी सगळं चालूच होतं. ट्यूबलाइट डोळे वटारून बघत होती. फोन फडताळात होता, म्हणजे मालवणारा हात दुसरा होता, आणि तो हातातलं काम उरकून आला होता. संचिता पायरीवरून उठून पडवीत आली.

"गेलो!" सावित्रीबाई रडकुंडीला आल्या. "संचिता गो, परत गेलो!"

"जावक नाय, आई," संचिता म्हणाली. तिने सासूचे दोन्ही हात धरले. "तुमचो झील येता."