आपली सुकन्या देवश्री

"आत्या, तू मरून जा ना. सगळ्यांत सोपं तेच दिसतंय," गौरी म्हणाली आणि तिनं मोबाइल देवश्रीच्या नाकासमोर धरला.

देवश्रीनं चष्मा लावून पाहिलं. पडद्यावर 'आपण आम्हाला सोडून जाताय?' असं लिहिलं होतं आणि खाली मुंडावळ्या बांधलेली एक नवरी रडत होती. रडणं हलतं होतं. थेंब गालावरून घरंगळायचा, हनुवटीशी नाहीसा व्हायचा आणि पुन्हा डोळ्यात हजर व्हायचा. त्याच्या खाली 'नाव कमी करण्याचे कारण' आणि तीन गोल. मंडळातर्फे विवाह जमला. अन्यत्र विवाह जमला. उमेदवार दिवंगत.

'इच्छा नाही' असा गोल नव्हता. 'इतर'सुद्धा नव्हता.

"दुसरा दाबून बघ."

"दाबला. पत्रिका मागतंय. वर दोन्हीकडच्या पालकांच्या सह्या."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्याला फक्त दाखला. सही कोणाचीच नको. म्हणून तर म्हणते."

मंगलघट वधू-वर सूचक मंडळाची मेल दर एकादशीला सकाळी यायची. एकादशीलाच का, तर मंडळाचे सचिव अण्णा यांचं म्हणणं, त्या दिवशी माणसं साबुदाण्याची खिचडी खाऊन घरात पडून असतात, यादी शांतपणे वाचतात. यादी सगळ्या सभासदांना जायची. म्हणजे उज्जैनमधली अर्धी मराठी घरं, शिवाय इंदूर, देवास आणि कोणाच्या तरी ओळखीनं घुसलेलं एक कुटुंब रतलामचं. आणि या यादीत गेली कित्येक वर्षं न चुकता असायचं: 'फणसे देवश्री प्रकाश. उंच, सोज्वळ, चष्मा नाही. नोकरी: चष्म्याचे दुकान.'

हा मजकूर तिच्या बाबांचा. 'चष्मा नाही' हे त्यांनी अभिमानानं लिहिलं होतं. मंडळ कागदावरून कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा कॉम्प्युटरनं एक सुधारणा केली. देवश्रीचं वय तो दरवर्षी आपणहून वाढवू लागला. फोटो मात्र तोच राहिला, निळ्या साडीतला, स्टुडिओतल्या प्लास्टरच्या खांबावर हात ठेवलेला. त्यामुळे आता यादीत वय चव्वेचाळीस आणि चेहरा तेविसाचा, असं एक अद्भुत स्थळ उपलब्ध होतं.

तिशीत असतानाच तिनं बाबांना सांगून टाकलं होतं. ते गॅलरीत मटार सोलत बसले होते. "बाबा, मला लग्न नाही करायचं. कोणावर राग नाही, कोणी फसवलं नाही, तसलं काही नाही. नुसतं नाही करायचं." बाबांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले आणि म्हणाले, "ठीक आहे." मग पुढची शेंग उचलून म्हणाले, "मंडळातलं नाव राहू दे पण. ते काय खायला मागतंय?"

इतकी वर्षं त्या नावानं खरंच काही मागितलं नाही. ती मेल यायची, देवश्री न उघडता पुसायची. पण यंदा मंगलावहिनींनी आपल्या लेकीचं, गौरीचं नाव नोंदवलं. कॉम्प्युटरनं एका आडनावाच्या मुली एकत्र केल्या आणि मागच्या एकादशीला आत्या-भाची पाटावर बसल्यासारख्या शेजारी शेजारी आल्या. दुपारी इंदूरहून फोन.

"फणश्यांच्या मुलीबद्दल विचारायचं होतं."

"कोणती, लहान की मोठी?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"अच्छा, मोठीचं व्हायचंय का अजून?" पलीकडून आवाज आला, आणि मग तो आवाज पुन्हा आलाच नाही.

संध्याकाळी भाजी वाढताना वहिनी म्हणाल्या, "ताई, राग नका मानू, पण त्या मंडळातून तुमचं नाव काढून घ्या ना. पोरीचं अडून राहिलं तर..." देवश्रीला राग आला नाही. राग तिला त्या रडणाऱ्या नवरीचा आला.

एक तर 'नाव कमी करा' ही ओळ सापडायलाच मेहनत. देवश्री दिवसभर टॉवर चौकातल्या दुकानात लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची. ही ओळ तिच्या पाटीवर सगळ्यांत खालच्या ओळीच्याही खाली गेली असती, आणि तीही पांढऱ्यावर फिकट राखाडी. ती दाबली की पासवर्ड. पासवर्ड नव्यानं बनवला की 'पुनरागमनाबद्दल अभिनंदन!' आणि मग ती नवरी. तिनं आठवडाभर रोज प्रयत्न केला. पाचव्या दिवशी गौरीला दिसलं की यादीत आत्या सगळ्यांत वर गेली आहे. नावापुढे एक तेवती समई, आणि 'नुकत्याच सक्रिय, लग्नास उत्सुक.'

"आत्या, तू जितकं बाहेर पडायला जातेस ना, तितकी वर चढून राहिलीस."

"फोन दे इकडे." देवश्रीनं मोबाइल उपडा ठेवला, जणू नवरीचं तोंड उशीत दाबलं. "मी स्वतः जाते अण्णांकडे. उद्या एकादशी. सकाळच्या यादीत माझं नाव नको म्हणजे नको."

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती फ्रीगंजमधल्या मंडळाच्या खोलीवर गेली. खाली पोह्यांचं दुकान, वर मंडळ. जिन्यात शेवेचा आणि जिलबीच्या पाकाचा वास. अण्णा एकटेच कॉम्प्युटरसमोर बसले होते. ते कॉम्प्युटरशी असे बोलत जसं कोणी ऐकू कमी येणाऱ्या व्याह्याशी बोलावं.

"ये ये! प्रकाशची मुलगी ना तू? बैस. तू तर आजकाल फार अ‍ॅक्टिव्ह आहेस, मी बघतो ना. समई पेटलीय तुझ्यापुढे. तुला सांगतो, देवासचा एक विधुर आहे, त्याचं स्वतःचं..."

"अण्णा, मला नाव काढायचंय."

"जमलं?" अण्णांचा हात पेढ्यांसाठी आपोआप पुढे आला.

"नाही. नुसतं काढायचंय."

अण्णांनी हात मागे घेतला. "नुसतं कसं निघेल गं? कारण लागतं."

"कारण हेच, की मला नको आहे."

"ते कारण त्यात नाही ना." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. तिथेही नवरी रडत होती. मोठ्या पडद्यावर तिचे थेंब चांगलेच टपोरे दिसत. "बरं, तू घरातली. एक रस्ता आहे. ज्यानं नोंदणी केली त्यानं काढायचं म्हटलं तर कारण विचारत नाही. त्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो, तो इथे टाकायचा, झालं."

"नोंदणी बाबांनी केली होती."

"हो, माझ्यासमोर. याच खुर्चीवर बसून."

"अण्णा, बाबा गेले. दोन वर्षं झाली."

"अगं मी आलो नव्हतो का चक्रतीर्थावर, त्याला पोचवायला? मला माहीत आहे." अण्णांनी आवाज खाली आणून कॉम्प्युटरकडे मान हलवली. "याला माहीत नाही ना."

देवश्रीनं डोळे मिटले आणि उघडले. नवरी होतीच. "बाबांचा नंबर बंद आहे."

"बंद कसा? दर एकादशीला मेसेज जातो त्याच्यावर. पोचला म्हणून येतं. हे बघ."

खरंच तसं आलं होतं. मागच्या एकादशीला, त्याच्या मागच्या, त्याच्याही मागच्या. गेल्या वर्षभरात एकही मेसेज परत आला नव्हता. देवश्री त्या ओळींकडे बघत राहिली. सिमकार्ड तिनंच कपाटात कुठेतरी ठेवलं होतं, रिचार्ज कोणी केला नाही, आणि तो नंबर तिनं पुन्हा कधी लावला नव्हता. लावून कोण उचलणार होतं?

"पाठवला ओटीपी," अण्णा म्हणाले. "दहा मिनिटं चालतो. आणि दिवसातून तीनच वेळा पाठवता येतो, हां. मग उद्या. उद्या तर यादी सकाळीच आपली आपण निघून जाते, मला पण थांबवता येत नाही. लाव लवकर."

तिच्या मोबाइलमध्ये तो नंबर 'बाबा' या नावानंच होता. तिनं लावला. पलीकडे घंटी वाजली. मग एकदम मंडीचा गलका कानात शिरला, कोणीतरी बोली पुकारत होतं, आणि एक जाड आवाज आला, "हाँ जी, कौन?"

"जी... इस नंबर पर अभी एक ओटीपी आया होगा. वो ज़रा बता देंगे?"

"शरम नी आती? भरे धंधे के टाइम में?" आणि फोन बंद.

तिनं पुन्हा लावला. "भैया, सुनिए, मैं कोई ठग नहीं हूँ. मैं चश्मे की दुकान में काम करती हूँ."

"पिछला वाला बैंक में करता था," आवाज म्हणाला. फोन बंद.

दहा मिनिटं संपली. अण्णांनी दुसरा ओटीपी पाठवला आणि म्हणाले, "दे मला. पुरुषाचा आवाज असला की वजन पडतं." मग घसा खाकरून वजन पाडलं, "देखिए, मैं विवाह मंडल का सचिव बोल रहा हूँ, लड़की मेरे सामने बैठी है..."

"पूरी गैंग बैठी है!" हे देवश्रीलाही ऐकू आलं.

त्यानंतर तो फोन उचलेचना. दुसरा ओटीपीही तसाच मेला. खालून पोहेवाल्यानं चहा पाठवला, तो निवला. देवश्रीची सुट्टी संपत आली होती. तिच्या मनात आलं, पत्रिकाच छापून घ्यावी. देवास गेटच्या छापखान्यांत तासाभरात छापून देतात. वराच्या जागी काय लिहायचं, ते छापणाऱ्यालाच ठरवू द्यावं, त्याच्याकडे नमुने असतील.

"आता शेवटचा," अण्णा म्हणाले. त्यांनी बोट बटणावर आणून ठेवलं. "पाठवू?"

"पाठवा."

तिनं नंबर लावला. बराच वेळ वाजला. उचलल्यावर त्यानं काही बोलायच्या आत ती बोलली, आणि हे वाक्य आपण बोलणार आहोत हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"ये नंबर मेरे पिताजी का था."

मंडीचा गलका चालूच होता.

"फणसे जी?" तो म्हणाला.

"आपको कैसे पता?"

"मैसेज आता है ना. हर ग्यारस को. 'आदरणीय फणसे जी, आपकी सुकन्या देवश्री के लिए नए प्रस्ताव हैं.' आप देवश्री की कौन?"

"मैं ही देवश्री."

"अरे!" त्यानं तोंड बाजूला करून ओरडल्याचं ऐकू आलं, "ए, दो मिनट बोली रोको!" मग पुन्हा जवळ, "बेटा, मैं भेरूलाल. लहसुन का काम है मेरा. ये सिम ली तब से आपके मैसेज पढ़ रिया हूँ. घरवाली हर ग्यारस को पूछे, फणसे जी की लड़की का कुछ हुआ कि नी. हो गया क्या?"

"नहीं."

"फिर नाम क्यों कटवा री हो?"

अण्णा कान देऊन ऐकत होते. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आठवडाभर ज्या कारणाला गोल मिळाला नव्हता ते देवश्रीनं सांगून टाकलं. "मुझे करनी नहीं है."

"फणसे जी को मालूम था?"

"हाँ."

"क्या बोले थे?"

"बोले थे, ठीक है."

"बस?"

"बस. मटर छील रहे थे."

"हूँ," भेरूलाल म्हणाला. मग त्यानं कोणाला तरी चष्मा मागितला, तो मिळाला असावा, कारण आवाज एकदम स्पष्ट झाला. "उनने ठीक है बोल दिया तो मैं कौन होता हूँ? लिखो बेटा."

त्यानं एकेक आकडा दोन-दोनदा सांगितला. देवश्रीनं तो मोठ्यानं म्हटला, अण्णांनी एका बोटानं टाकला. नवरी एकदम गेली. तिच्या जागी वाक्य आलं: 'आपले नाव कमी करण्यात आले आहे. आपला अनुभव कसा होता? तारे द्या.'

"पाच देऊन टाकू?" अण्णांनी विचारलं.

"एकही नका देऊ."

"एक तर द्यावाच लागतो, त्याशिवाय बंद होत नाही." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक दिला. मग खुर्ची फिरवून, कॉम्प्युटरला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "प्रकाशनं मला सांगितलं होतं गं. की तुला नाही करायचं. मी म्हटलं, काढू का नाव? तर म्हणाला, राहू दे, तिचं मन बदललं तर तिला परत विचारायला यायची लाज नको वाटायला."

देवश्रीनं पर्स उचलली. "चहा पिऊन घ्या अण्णा, गार झाला," म्हणाली आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत फणसे एकच होती. इंदूरचा फोन काही आला नाही, पण वहिनींनी भाजी वाढताना कसलंही वाक्य अर्धवट सोडलं नाही.

मग पुढची एकादशी आली. सकाळी दुकानात देवश्री एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम बसवत होती. एका डोळ्यावर काळी चकती लावली, दुसऱ्यासाठी काच हातात घेतली, आणि काउंटरवर मोबाइल वाजला. पडद्यावर 'बाबा'.

तिनं काच खाली ठेवली.

"बेटा, भेरूलाल," आवाज म्हणाला. मागे मंडी होतीच. "आज ग्यारस है. मैसेज नी आया."

"जी. नाम कट गया."

"हाँ, वो तो ठीक है. घरवाली ने पूछा तो मैंने कै दिया, फणसे जी की लड़की का निपट गया. अच्छे से निपट गया. बस, यही पूछना था. तुम ठीक हो?"

"ठीक हूँ."

"चलो, रखता हूँ. धंधे का टाइम है."

देवश्रीनं मोबाइल ठेवला नाही. ते नाव उघडलं, 'बाबा' पुसलं आणि तिथे लिहिलं, 'भेरूलाल लसूणवाले'. मोबाइलनं विचारलं, बदल जतन करायचा? खाली दोन बटणं होती, ठळक, चांगली मोठी, कोणालाही चष्म्याशिवाय दिसतील अशी. एक 'हो' आणि एक 'नको'.

तिनं 'नको' दाबलं. लगेच झालं. कोणी कारण विचारलं नाही.

"मैडम," फ्रेमच्या आतून म्हातारा म्हणाला, "पढ़ना शुरू करूँ?"

"हाँ," देवश्री काच उचलत म्हणाली. "ऊपर से. आराम से पढ़िए."