जुगोच्या दिवशी निळ्या गुहेत

मी होडी बोलतेय. कडेला नका बसू, मधे बसा, असं सांगायची मला सवयच आहे. जुनी झाले तरी डुलणं अजून विसरले नाही.

माझा जन्म आमच्या बेटावरच्या एका अंगणात झाला. फासळ्या तुतीच्या, बाकी अंग पाइनचं. आधी मी मासळी आणायचे. पुढे मासळी घटली आणि पाहुणे वाढले. आमच्या कड्याखाली एक गुहा आहे. ऊन पाण्याखालून आत शिरतं आणि सगळी गुहा निळी होते. तिचं तोंड इतकं ठेंगणं, की मोठ्या बोटी बाहेरच राहतात. मग माझा मासळीचा वास घासून काढला, तळाशी उशा टाकल्या आणि मी पाहुण्यांची झाले. माणसंही गमतीची! ती निळाई बघायला देश ओलांडून येतात आणि आत गेल्यावर डोळ्यांपुढे फोन धरतात.

गुहेत जाता-येताना सगळ्यांनी तळाशी आडवं व्हायचं. वल्ही आत घ्यायची आणि भिंतीला ठोकलेली साखळी धरून नावाड्याने मला ओढायचं. आतून समुद्र दिसत नाही. म्हणून बाहेरच्या बोटीने गुहेकडे पाठ करून लाटांवर नजर ठेवायची आणि पाणी बसलं की हाक द्यायची. ही हाक आमच्याकडे कुणी कुणाला नाकारत नाही, मग भांडण कितीही जुनं असो.

येर्को आणि बार्तुल हे भाऊ. थोरला येर्को मला चालवायचा, तर धाकटा बार्तुल इंजिनाच्या बोटीतून पाहुणे गुहेपर्यंत आणायचा. येर्को छातीच्या दुखण्याने गेला. त्याला माती दिली त्याच संध्याकाळी बार्तुल म्हणाला, "वहिनी, होडी मला द्या. गुहा हे बायकांचं काम नाही."

पेरिना ही येर्कोची बायको. दुसऱ्या दिवशी तिने वल्ही उचलली. तेव्हापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद. पण धक्का एकच, न बोलून भागेना. मग दोघंही माझ्याशी बोलायला लागली.

"ए होडी, तुझ्या मालकिणीला सांग, दोर सैल झालाय."

"होडी, त्या शेजारच्या इंजिनाच्या पिंपाला सांग, आधी आपला धूर बघ."

मी काय सांगणार! मधल्या मधे डुलत राहायचे.

तो दिवस सप्टेंबरातला. सकाळीच जुगो उठला होता. जुगो म्हणजे आमचा दक्षिणेचा दमट वारा. तो सुटला की डोकी जड होतात, साध्या बोलण्यावरून माणसं पेटतात. म्हणून जुगोत आमच्याकडे कुणी काही ठरवत नाही. सौदा नाही, सोयरीक नाही. 'जुगो आहे, नंतर बघू,' की विषय संपला.

धक्क्यावर दोन चेक बायका आल्या. हाना आणि तिची म्हातारी आई. त्यांची भाषा आमच्या भाषेची चुलतबहीण, अर्धं तरी कळतंच. आई नवी नवरी असताना ही गुहा पाहून गेली होती. दुसऱ्या दिवशी त्या परत निघणार होत्या.

पेरिनाने आभाळ पाहिलं. ती नाहीच म्हणणार होती. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"ए होडी, तुझ्या मालकिणीला सांग, आज गुहा बंद. हे हट्टाचं काम नाही."

पेरिनाचे कान लाल झाले. "होडी, त्याला सांग, बायकांचं काम बायका बघतील. बसा हो, आई!"

जुगोत घेतलेला निर्णय तो!

आत गेलो तेव्हा समुद्र नुसता फुगत होता. म्हातारीने पाण्यात हात घातला, हात निळा-रुपेरी झाला. तिने तो तसाच ठेवला.

आणि एकदम अंधार झाला. लाटेने गुहेचं तोंड भरून टाकलं होतं. उजेड परत आला, पुन्हा गेला. या वेळी तो यायला फार वेळ लागला.

"आई, आडव्या व्हा," पेरिना हळूच म्हणाली.

"गुडघा वाकत नाही गं बाई."

"मग माझ्या पायांवर रेला. हाना, त्यांची मान खाली धर."

बाहेर हाक द्यायला कुणी नव्हतं. जुगो पाहून सगळ्या बोटी घरी गेल्या होत्या. पेरिना अंदाजाने साखळी ओढत तोंडाशी आली. लाट खालून उठली आणि माझं नाक छताच्या खडकावर आपटलं. तुतीचं लाकूड फुटल्याचा आवाज मीच ऐकला. पेरिनाने मला मागे ढकललं. तळात पाणी यायला लागलं. 

तेवढ्यात बाहेर इंजिनाची घरघर ऐकू आली. आणि एक हाक. माझ्या नावाने नव्हे.

"वहिनी! साखळी धरून थांबा!"

"थांबले!"

"अजून नाही... ही मोठी आहे... हिला जाऊ द्या!"

अंधार. माझी पाठ खडकावर खरवडली. हाना देवाचं नाव घेत होती.

"हिच्यामागे आणखी एक आहे. ओढू नका! वहिनी, ऐकताय ना?"

"ऐकतेय, भावोजी!"

अंधार, उजेड.

"आत्ता! ओढा!"

पेरिनाने ओढलं. छत म्हातारीच्या नाकावरून बोटभर अंतराने गेलं आणि आम्ही उन्हात आलो.

बार्तुलचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "गाढव आहात तुम्ही, वहिनी!"

"मग तुम्ही कशाला आलात गाढवामागे?"

"हाक कोण देणार होतं, मासे?"

भिजलेली म्हातारी उठून बसली. "माझा नवराही असाच ओरडायचा," ती म्हणाली. आणि पेरिना हसता हसता रडायला लागली.

आता मी किनाऱ्यावर पालथी आहे. नाक फुटलंय, दोन फासळ्या तडकल्यात. पर्यटन कार्यालयातला माणूस म्हणतो, हिला चौकात ठेवू, आत माती भरून लाल फुलं लावू, पाहुणे फोटो काढतील.

परवा पेरिना आली. बार्तुल माझ्या तळाचा जुना रंग खरवडत होता.

"भावोजी, तो माणूस उत्तर मागतोय. काय सांगू?"

बार्तुलने मान वर केली. धक्क्यावरचा झेंडा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. चुलींचा धूर सरळ वर चालला होता. त्याने ते दोन्ही नीट पाहिलं.

"वहिनी, जुगो सुटलाय. आज काही ठरवायचं नाही."

पेरिनाने डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरला. "सुटलाय खरा. काल पण होता." आणि दुसरी खरवडणी घेऊन ती माझ्या पलीकडच्या अंगाला बसली.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात आणि गुहेपाशी कुणी ओरडलं, तर रागावू नका, मान खाली घाला. मी धक्क्यावर दिसले, तर या, मधे बसा. आणि चौकात फुलांखाली दिसले, तर समजा, एक दिवस आमचा जुगो थांबला.