हॉलंडची बाग, बाजारची बाग

"काय इख घातलंय व्हय मी द्राक्षात?" दिगंबर फोनवर ओरडला, तशी लेक पद्मिनी किचनमधून बाहेर आली.

फोन तासगावहून होता, धाकट्या भावाचा, राजीवचा. दोघा भावांच्या द्राक्षांचा कंटेनर हॉलंडच्या बंदरात अडवला होता. किडीच्या औषधाचा अंश नियमापेक्षा जास्त निघाला होता.

"आण्णा, व्यापारी म्हणतोय, दुबईकडं वळवू. तिकडं एवढं बघत न्हाईत. तू फकस्त हो म्हण."

"दोन दिस थांब," दिगंबर म्हणाला.

लेकीकडं अमेरिकेत, फ्रीमाँटला येऊन त्याला महिना झाला होता. त्याचं तोंड उतरलेलं बघून शनिवारी जावई सौमित्र म्हणाला, "मामा, फ्रेस्नोकडे एक द्राक्षवाला ओळखीचा आहे. ड्राइव्ह करून जाऊ."

तीन तासांनी ते बागेत पोचले. एप्रिलचं कोवळं ऊन, वेलींना वीतभर फुटवा. दिगंबरनं वाकून माती चुरगाळली आणि त्याला जरा बरं वाटलं. मग मालकानं औषधांची खोली उघडली. त्या वासासरशी दिगंबर थबकला. डबा निराळा होता, औषध तेच, हॉलंडात सापडलेलं.

"इचार त्याला, हे चालतं व्हय हितं?"

सौमित्रनं विचारलं. मालक खुशीत बोलत राहिला. सौमित्रचा आवाज मात्र उतरत गेला. "म्हणतो, इथल्या रूलमध्ये बसतं. युरोपसाठी पलीकडचा प्लॉट सेपरेट ठेवलाय, त्यावर हे मारत नाही. घरी खायला पण तिकडचीच नेतो."

"आनि ह्यो अलीकडचा माल?"

"आमच्या इकडच्या स्टोअरला येतो, मामा. रुचाच्या डब्यात रोज असतात द्राक्षं."

नातीच्या तोंडात हे जातंय, आणि ह्या गड्याला त्याचं काहीच नाही. दोन शिव्या दिगंबरच्या ओठावर आल्या आणि तिथंच अडकल्या. त्याच्याही दोन बागा होत्या. वरच्या बागेला हॉलंडसाठी मापानं फवारा, खालच्या बागेला अंदाजानं, तोडणीच्या तोंडावरसुद्धा. खालची द्राक्षं मिरजेच्या बाजारात जायची, आणि घरात वरचीच खायचे. त्याला त्या मालकाची किळस आली होती, तशीच आता स्वतःचीही आली.

घरी येताच त्यानं फोन लावला. "राजीव, दुबईला द्याचं न्हाई. माल तिथंच नष्ट करा म्हणावं."

"वरीसभराचं रगत आटलंय त्यात, आण्णा."

"ठावं हाय मला. आनि खालच्या बागंचं काय केलंस?"

"काल औषध मारलंय. परवा तोडून मिरजंला धाडतो."

"तोडू नगंस. वेलावर सडू दे."

राजीवला काही उमगेना. "आरं, मिरजंत कोन तपासतंय?"

"म्हणूनच," दिगंबर म्हणाला.