छतातला आकडा

संजीवची बायको विद्युलता वारली आणि तो दीड वर्षाच्या लेकीला, ऊर्मीला, आपल्या कचेरीच्या पाळणाघरात आणू लागला. पोर तिथे खायची, खेळायची, पण दुपारी खाटेवर टेकवली की रडून खोली डोक्यावर घ्यायची.

विद्युलताची थोरली बहीण यामिनी नागपूरहून चेन्नईला आली होती. ती म्हणाली, "संजीवराव, उद्या माझी गाडी आहे. आजही झोपली नाही, तर लेक मी नेते. किती हाल करायचे तिचे?"

संजीवने पाळणाघरात पोरं सांभाळणाऱ्या महालक्ष्मीला गाठलं. तिने छताकडे बोट केलं.

"सार, तूळी बांधू. तिच्या अम्माची साडी आणा."

तूळी म्हणजे साडीची झोळी. चेन्नईत घरोघरी पोरं तिच्यातच झोपतात. छतातला तो लोखंडी आकडा विद्युलतानेच बसवून घेतला होता. तीही याच कचेरीत होती. पाळणाघरासाठी खाटा आल्या तेव्हा ती आकड्यासाठी अडून बसली. साहेब म्हणाले, "मॅडम, ही सरकारी इमारत आहे."

"मग खाटांवर तुम्ही झोपा, साहेब. पोरं झोळीतच झोपतील."

तेव्हा तिला मूल नव्हतं. कुणीतरी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मला नाही, पण नित्याला आहे ना?" नित्या तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची.

संजीव वेस्ट मांबलमला घरी गेला. लेकीला उत्तमातलं उत्तम द्यावं म्हणून त्याने कपाटातून लग्नातली पैठणी काढली.

महालक्ष्मीने कपाळावर हात मारला. "अय्यो सार! पोरीला निजवायचंय की तिचं लग्न लावायचंय? रेशीम सटकतं, जरीचा काठ टोचतो. नेसून नेसून मऊ झालेली सुती साडी हवी."

तशी साडी एकच उरली होती. विद्युलताने शेवटची नेसलेली. संजीवने ती धुतली नव्हती, उशाशी ठेवली होती. इथे ती रोज ताणली जाणार, ओली होणार, धुतली जाणार. तो परत घरी गेला, पलंगावर जरा बसला आणि साडी घेऊन आला.

महालक्ष्मीने आकड्यातून साडी ओवली, गाठ मारली, स्वतः लोंबकळून पाहिलं आणि ऊर्मीला आत ठेवलं. पोर रडली. मग तिने तोंड साडीत खुपसलं. हुंदके लांबत गेले आणि थांबले.

यामिनी दारात उभी होती. तिने डोळे पुसले.

"सरकारी खोलीत आकडा? कुणाचं डोकं हे?"

"आमच्या हिचं," संजीव म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज असा मोठा निघाला होता.

"श्शू! सार!" महालक्ष्मीने दटावलं.

यामिनीने झोळीला हळूच एक झोका दिला. "लहानपणापासून हट्टीच ती," ती पुटपुटली. "मी एकटीच जाते उद्या. पण दिवाळीला दोघं या."

संजीवने मान हलवली आणि तो आपल्या टेबलाकडे निघाला. जिन्यात नित्या भेटली, तर तिलाही त्याने थांबवून सांगितलं, "झोपली. विद्युलताच्या आकड्याला झोपली."