श्वास विसरणारी पोर

घरसामान हलवण्याचा धंदा करणाऱ्या त्या आडदांड माणसाला सगळे ‘क्रेन’ म्हणत. एकदा म्हणे त्यानं भलंमोठं कपाट एकट्यानं चौथ्या मजल्यावर नेलं, आणि वर दार उघडलं तर आतून घरमालकाचे वडील जांभई देत बाहेर आले. दुपारची झोप काढायला आत शिरले होते बिचारे. जिन्यात एक धक्का बसला असेल तर शपथ!

अशा या क्रेनला लेक झाली ती दिवस भरण्याच्या दोन महिने आधी, आणि एवढीशी, की त्याच्या तळहातावर झोपवली तर कुशीवर वळायलाही जागा उरावी. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत ती पडून होती. नाकात बारीक नळी, पावलाला प्राणवायू मोजणाऱ्या मशीनचा लाल दिवा. पोर गुणाची, पण एक खोड होती. मधूनच श्वास घ्यायला विसरायची. मग ते मशीन कोकलायचं आणि सिस्टर तिच्या तळपायाला टिचकी मारून आठवण करून द्यायची.

सकाळी डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, “आजचा दिवस बघू. असंच विसरत राहिली तर घशात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागेल.”

क्रेन पेटीच्या काचेला जाऊन चिकटला.

“तिला उघड्या छातीवर घेऊन बसा,” सिस्टर म्हणाली. “माणसाची ऊब मिळाली की या बाळांचा श्वास सुधारतो. आईला ताप आहे, म्हणून तुम्ही.”

“मी? अहो, मी पियानो उचलतो!”

“मग हिचं काय जड होणार आहे?”

कोपरापर्यंत हात धुऊन, शर्ट काढून क्रेन आरामखुर्चीत रेलला. काचेपलीकडून सासूबाई ओरडल्या, “जावईबापू, गोणीसारखी धरू नका हं!” सिस्टरनं नळ्या सांभाळत पोर त्याच्या छातीवर पालथी निजवली, डोक्यावर टोपी नीट केली आणि दोघांना मिळून मऊ फडक्यानं बांधलं. मांजराच्या पिल्लाएवढी ऊब. क्रेनला वाटलं, आपण नुसतं हललो तरी हिचा चुरा होईल.

थोड्याच वेळात मशीन कोकललं. सिस्टरनं टिचकी मारली, पोर ताळ्यावर आली. पुन्हा कोकललं. पुन्हा टिचकी. तिसऱ्यांदा सिस्टरनं पोरीकडे बघता बघता बापाकडे बघितलं. चेहरा वांग्यासारखा जांभळा!

“अहो, श्वास घ्या! तुम्ही का विसरलात?”

क्रेननं धापा टाकत सांगितलं, “विसरलो नाही, रोखलाय. ओझं अंगावर असलं की श्वास रोखायचा, खाली ठेवलं की सोडायचा. वस्तादांनी शिकवलंय. मध्येच सोडला तर पकड सुटते.”

“कपाळ माझं! तिला कळायला नको का छाती वरखाली होते कशी? बाप दगडासारखा बसला तर पोरीनं शिकायचं कुणाकडून?”

“मला दुसरं येतच नाही, सिस्टर. हातात वस्तू आली की आपोआप बंद होतो.” त्याचे डोळे भरले. “तुम्ही घ्या तिला. माझ्यामुळे तिच्या घशात नळी नको.”

सिस्टरनं घेतली नाही. स्टूल ओढून शेजारी बसली. “हे बघा, ओझं खाली ठेवलं की श्वास सोडता ना? मग ठेवलंय की. तुम्ही उचललेलं नाही तिला. ती टेकली आहे. खाली खुर्ची आहे, वर फडकं बांधलंय, बाजूला मी आहे. आज तुम्ही हमाल नाही, जमीन आहात. निवांत पडा.”

क्रेननं मान मागे टेकवली. मग इतक्या वर्षांत छातीत जेवढा साठला होता तेवढा श्वास त्यानं सोडला. पडदे फुगले, औषधांच्या टेबलावरचा कापूस उडाला, पलीकडच्या बाळाची टोपी तिरकी झाली. आणि छाती खाली गेली, तशी पोरही खाली. छाती वर, पोर वर. पाण्यावरच्या होडीसारखी.

मशीन गप्प बसलं. चांगलं गप्प बसलं. मग दुपारी एकदा पोर थबकली. सिस्टरचा हात पुढे आला, क्रेनचा श्वास अडणारच होता. पण त्यानं तो ओढला, पोटातून, सावकाश, आणि सोडला. पोरीनं नाक उडवलं, नखाएवढी जांभई दिली आणि घेतला की श्वास! आपला आपण. सिस्टरचा हात हवेतच राहिला. मग तिनं उगीचच पोरीची टोपी सारखी केली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले, पोरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आज नळी नको. असंच चालू द्या.”

सासूबाई हात धुऊन आत आल्या आणि लगबगीनं म्हणाल्या, “उठा आता, आजीला द्या.”

“झोपलीय ती, आई. एक काम करा,” क्रेन कुजबुजला. “कधीपासून नाक खाजतंय. जरा खाजवता का?”

सासूबाईंनी कुणी बघत नाही ना ते पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि जावयाचं नाक अगदी मन लावून खाजवलं.