आबांचा विसावा

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर 'अजस्र' लिहिलं. "लय मोठं!" पोरं ओरडली. चूक नव्हतं, पण अर्धवट उत्तराचा मला राग येतो. म्हटलं, "संस्कृतात याचा मूळ अर्थ 'मोठं' नाहीच. जस् म्हणजे थकणं. जे थकत नाही, थांबत नाही, ते अजस्र. थांबत नाही म्हणूनच त्याची धडकी भरते, आणि मग ते मोठं वाटायला लागतं." पोरांचं लक्ष खिडकीबाहेर. तिथं कोपरखैरण्याच्या खाडीकाठी नव्या इमारतींच्या पायाचे खांब ठोकणारं यंत्र धाडधाड करत होतं. त्र्याऐंशी साल ते. यंत्र रात्रीही बंद नसायचं.

ते उभं होतं आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, सरकारनं घेतलेल्या शेतात. आबा अंथरुणाला खिळले होते. प्रत्येक ठोक्याला त्यांचा हात गोधडीवर दचकायचा.

"पोरी, मी गेल्याव तरी ता यंत्र थांबंल का गो?"

आमच्या गावात मयत झालं की तिरडी शिवेबाहेर जाईपर्यंत कोणी कुदळ उचलत नाही. आबांचे वडील गेले तेव्हा भर उन्हात मिठागरं थांबली होती. आपल्या वेळी मात्र आपल्याच शेतात काम चालू राहणार, जणू कोणी मेलंच नाही, या विचारानं त्यांचा जीव तळमळत होता. मी बोलून बसले, "थांबेल, आबा."

माझा नवरा पंढरी भडकला. "ठेकेदार तुजा काका लागतो का? शेत गेला, आता कसला मान मागतेस?" तरी मी गेले. ठेकेदार म्हणाला, "बाई, माणसं रोजच मरतात." त्यावर मी जे बोलले ते शाळेत शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. यंत्र चालूच होतं.

मसणवट्याच्या वाटेवर विसावा असतो. तिथं तिरडी खाली ठेवून खांदे बदलायचे. आमचा विसावा आता ठेकेदाराच्या पत्र्याच्या कुंपणाआड गेला होता. लोक वळसा घालायला लागले, तर पुढचा खांदा दिलेला पंढरी सरळ आत शिरला. यंत्राच्या पायथ्याशी, विसाव्याच्या जुन्या दगडापाशी, त्यानं बापाला खाली ठेवलं आणि तिथंच बसला. 'बायकांनी पुढं येऊ नये' म्हणणाऱ्यांना न जुमानता मीही मागोमाग गेले होते.

यंत्र चालवणारा नामदेव बीडकडचा. त्यानं वरून एकदा खाली पाहिलं, डोक्याचं फडकं काढलं आणि यंत्र बंद केलं.

"चालू कर!" ठेकेदार धावत आला.

"आमच्याकडं बी मयताला थांबत्यात, सायेब," नामदेव म्हणाला. यंत्राच्या दांड्याला मात्र त्यानं हात लावला नाही.

खाडीचं पाणी ऐकू यायला लागलं. पंढरी वाकला, आबांच्या कानाशी तोंड नेलं.

"आबा, थांबला बग," म्हणाला, आणि सगळ्या गावासमोर हमसून रडला.